रानपिंगळा आणि शिंदळ माकुडी यांची तुलना कशी करायची?

प्रश्न आहे की एक पक्षी नि एक फुलझाड, वर्गीकरण आणि संवर्धन दोन्ही बाजूंनी कसं मांडायचं. मी हीच जोडी घेईन, दोन्ही आपल्या मातीतले.

रानपिंगळा म्हणजे प्राणिसृष्टी, पक्षी वर्ग, घुबडांचं कुळ. शिंदळ माकुडी वनस्पतीसृष्टीतली, सपुष्प, द्विदल, आणि कुळ रुई-कण्हेरीचं. म्हणजे सृष्टीपासूनच वाटा वेगळ्या, पण मजा बघा, दोघांचीही प्रजाती (म्हणजे जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) बदलली! पिंगळा १८७३ला हेटेरोग्लॉक्स होता, आता बरेच जण अथेनीत धरतात, आणि माकुडी फ्रेरिया इंडिका होती ती आता सेरोपेजियात गेलीय, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

संवर्धनात खरा फरक आहे. पिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता, थेट १९९७मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ दिसला, आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. त्याला जुनी झाडं लागतात, ढोलीत घरटं करतो ना, म्हणून सागाचं जंगल तुटलं की तो गेलाच, मेळघाटासारखं अख्खं जंगल राखावं लागतं. माकुडी मात्र शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवरच, मांसल खोडाची, किरमिजी चांदणीसारखं फूल, फार सुंदर! चराई नि दरडींचा धोका आहे, पण फांदी लावली की कुंडीतही जगते, म्हणून रोपं वाढवून पुन्हा कड्यावर लावता येतात. पिंगळ्याचं तसं होत नाही हो. आणि कृपा करून गडावरून माकुडी उपटून घरी आणू नका.