चीनची वाट बंद झाली, तरी तू विचारलंस म्हणून

तू लिहिलंस की नवऱ्याची कंपनी त्याला अमेरिकेत बदलीवर पाठवतेय, म्हणून जूनमध्ये एल-वन (कंपनी-बदलीच्या) व्हिसावर डॅलसला जायचं घाटतंय. मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि दुसरं मूल दत्तकच घ्यायचं हे तुम्हा दोघांचं लग्नाआधीपासून ठरलेलं आहे. आम्ही चीनमधून दत्तक आणलेल्या लेकीकडे बघून तुम्हाला वाटतं, अमेरिकेत बस्तान बसलं की आपणही चीनला जाऊन मूल आणावं. 'ताई, किती दिवस लागतात, खर्च किती, तिकडे नेमकं काय होतं, सगळं सांग,' असं म्हणालीस. सांगते.

आधी नको असलेलं उत्तर. ती वाट आता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की यापुढे चिनी मुलं परदेशात दत्तक दिली जाणार नाहीत. अपवाद एकच: परदेशी माणूस तीन पिढ्यांच्या आतलं रक्ताच्या नात्याचं किंवा सावत्र मूल दत्तक घेणार असेल तर. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं तिथून परदेशी गेली, त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. २००५ साली तर एका वर्षात जवळजवळ आठ हजार आली. मग तिथले नियम कडक झाले, पुढे कोरोना आला. २०२० मध्ये ज्यांच्या हातात मुलाचा फोटो, नाव, वैद्यकीय फाईल असं सगळं होतं आणि फक्त जाऊन आणायचं बाकी होतं, अशी शेकडो घरं तशीच थांबली. त्यांनी खोल्या रंगवून ठेवल्या होत्या. माझ्या ओळखीचं एक घर त्यात आहे. त्यांच्यासमोर मला आजही माझ्या लेकीचं कौतुक करवत नाही.

दुसरं असं, की ती वाट उघडी असती तरी तुमच्यासाठी नव्हती. अमेरिकेत राहून हेग करारातल्या (परदेशातून दत्तक घेण्याचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) देशातून मूल आणायचं तर आय-८०० नावाचा अर्ज लागतो, आणि तो भरणारा अमेरिकन नागरिक असावा लागतो. जोडप्यातला एक तरी. व्हिसावर असलेल्यांना तो भरता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. भारतही हेग करारात आहे, म्हणजे 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून भारतातून आणू म्हणालात तरी हाच दगड आडवा येणार. आम्ही दोघं तेव्हा नागरिक झालो होतो, म्हणून जमलं.

आता प्रवासाचं. तुला चीनला जायचं नसलं तरी हे वाच, कारण मूल कुठल्याही संस्थेतून येवो, पहिले पंधरा दिवस थोडेफार असेच असतात.

आम्ही नोव्हेंबर २०१६ मध्ये गेलो. मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्याआधी सव्वा वर्ष कागद. होम स्टडी (म्हणजे घराची आणि आमची तपासणी), बोटांचे ठसे, पगाराचे दाखले, डॉक्टरांचे दाखले. चीनची अट होती की वय किमान तीस हवं, मालमत्ता ऐंशी हजार डॉलरची हवी, वजनसुद्धा प्रमाणात हवं. तोवर तिथून दिली जाणारी बहुतेक मुलं काही ना काही आजाराची किंवा व्यंगाची असायची. आम्हाला एक लांबलचक यादी दिली होती: हृदयाला छिद्र, हाताची बोटं कमी, ऐकू कमी येणं, आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं. तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. माणसाच्या पोराबद्दल असं 'नाही' लिहिताना हात थरथरतो. तुम्हाला असा कागद भरावा लागला तर खोटं मोठेपण करू नका, जे पेलवेल तेवढंच लिहा. आमच्या लेकीचा ओठ आणि टाळू दुभंगलेला होता. ओठ तिथेच शिवला होता, टाळू उघडा होता.

ती हनान प्रांतातली. म्हणून आधी प्रांताच्या राजधानीत, चंगचौला. सोमवारी दुपारी नागरी व्यवहार खात्याच्या कचेरीत बोलावलं. साधी सरकारी खोली, भिंतीला टेकवून सोफे, तीन-चार परदेशी कुटुंबं. संस्थेतल्या बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या. आमची दोन वर्षं आठ महिन्यांची, अंगात कपड्यांचे चार थर, एका मुठीत बिस्किट. आम्ही आधी पाठवलेला आमच्या फोटोंचा अल्बम तिच्या पिशवीत होता. तिला सांभाळणाऱ्या बाईने माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हटलं, 'मामा, मामा.' चिनीत मामा म्हणजे आई. माझा मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. नवऱ्याकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणाली, ते मात्र जसंच्या तसं आपलं.

मग ती बाई तिला माझ्या हातात देऊन दाराबाहेर गेली, आणि पोरीने जो हंबरडा फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. 'आयी! आयी!' मला क्षणभर वाटलं, मलाच हाक मारतेय. चिनीत आयी म्हणजे मावशी. आपल्याकडे शिशुगृहात मुलं ताई, मावशी म्हणतात ना, तसं. ती त्या बाईला बोलावत होती. हॉटेलवर त्या रात्री बाराला, दोनला, चारला, दर वेळी तीच हाक. मी तिच्या शेजारी पडून 'ओ' द्यायचे, आणि मला पक्कं ठाऊक असायचं की ही हाक माझी नाही. ते बिस्किट तिने सकाळपर्यंत मुठीतून सोडलं नाही.

हे तुला मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्याकडे सगळे पेढे वाटतात, 'नशीब काढलंन पोरीने' म्हणतात. मीही जाताना तसंच मनात घेऊन गेले होते. पण त्या दिवशी तिचं सगळं गेलं होतं: माणूस, भाषा, वास, अंथरूण. तुम्ही परदेशी निघालात ते विचार करून, तिकीट काढून. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून पहिले काही महिने पाहुणे बोलावू नका. मुलाला फक्त तुम्हीच भरवा, तुम्हीच न्हाऊ घाला. आजी-आजोबांना वाईट वाटेल, आमच्याकडे वाटलं. तरी ऐकवा.

तिने पहिल्यांदा खाल्लं ते तिसऱ्या दिवशी सकाळी. हॉटेलच्या नाश्त्याला पिवळसर पातळ पेज होती. चव घेतली तर राळ्याची! माझी आजी साताऱ्याकडे राळ्याचा भात करायची. हनानमध्ये ती पेज रोजची. पोरीने दोन वाट्या संपवल्या आणि माझ्या मांडीवर झोपली. मी बरोबर मेतकूट नेलं होतं, ते चौथ्या दिवशी पेजेवर टाकलं. तिने तोंड वाकडं केलं, मग परत मागितलं. दोन-चार शब्द पाठ करून जा, ते फार उपयोगी पडतात. 'याओ' म्हणजे हवं, 'बू याओ' म्हणजे नको, 'बाओबाओ' म्हणजे कडेवर घे. आम्ही पुढे वर्षभर घरात मराठीत हेच शब्द कालवून बोललो.

कागदांचं भराभर सांगते. दुसऱ्या दिवशी दत्तकाची नोंदणी. कागदावर आमच्या अंगठ्यांचे आणि तिच्या पावलाचा असे लाल ठसे. संस्थेला पस्तीस हजार युआन देणगी, रोख. शुक्रवारी तिचा चिनी पासपोर्ट हातात. मग वेगवान गाडीने सहा-साडेसहा तासांत क्वांगचौ, कारण अमेरिकेत येणाऱ्या सगळ्या दत्तक मुलांचा व्हिसा तिथल्याच वकिलातीतून मिळायचा. तिथे वैद्यकीय तपासणी. दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयाची चाचणी करून दोन दिवसांनी सुई टोचलेली जागा परत बघतात, तेवढे दिवस हिशेबात धरावे लागले. मग वकिलातीत हात वर करून शपथ. एकूण सोळा दिवस. विमान अमेरिकेत उतरलं आणि शिक्का बसला, त्या क्षणी ती नागरिक झाली. खर्च सगळा मिळून तीस हजार डॉलरच्या वर गेला. त्यातला काही भाग करसवलतीने परत आला.

एक गोष्ट अजून छातीवर आहे. तिच्या फाईलमध्ये ती कुठे, कोणत्या दिवशी सापडली हे एका ओळीत लिहिलंय. २००५ मध्ये हूनानमधल्या हंगयांगला संस्थांनी मुलं विकत घेतल्याचं उघड झालं होतं, आणि त्याच प्रांतात काही गावांत जास्तीच्या मुलाबद्दलचा दंड भरला नाही म्हणून अधिकाऱ्यांनी पोरं उचलून नेल्याचंही पुढे छापून आलं. आमची लेक त्या प्रांतातली नाही, त्या काळातलीही नाही. तरी त्या एका ओळीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. तिची टोपडी, ती पिशवी, कचेरीतले फोटो, सगळं जपून ठेवलंय. ती विचारेल तेव्हा जे आहे ते समोर ठेवणार. तुम्हीही मुलाबरोबर आलेला एकही कागद टाकू नका.

आता तुमचं काय. माझं स्पष्ट मत, जूनची तारीख पक्की करण्याआधी हे ठरवा. भारतात आत्ता काराच्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) संकेतस्थळावर नोंदणी केलीत तर लहान, निरोगी बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं. विशेष गरजा असलेल्या किंवा थोड्या मोठ्या मुलांसाठी बरंच लवकर जमू शकतं. पण मूल घरी आलं आणि लगेच निघालात, तर अडचण अशी की अमेरिकन व्हिसाच्या कायद्यात दत्तक मूल 'मूल' धरायला साधारण दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं लागतं. म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर त्या मुलाला बरोबर नेता येणं अवघड. शिवाय दत्तकानंतर दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल द्यायचे असतात. कंपनीचा वकील हे स्वतःहून सांगणार नाही, तो नवऱ्याचा व्हिसा बघतो. दत्तकाचं काम करणारा वेगळा इमिग्रेशन वकील गाठा, तासाचे पैसे गेले तरी चालतील.

मला विचारशील तर मी नवऱ्याला दोन-अडीच वर्षं जाणं पुढे ढकलता येतं का ते आधी विचारायला सांगेन. डॅलस कुठे पळून जात नाही. नाहीच जमलं, तर नागरिकत्वापर्यंतची वाट भारतीयांना किती लांब पडते ते तुला ठाऊक आहे. तोवर तुमचं वय काय असेल, ते कागदावर मांडून बघा.

वकिलाला विचारायचे प्रश्न मी लिहून काढलेत. शनिवारी तुझ्याकडे संध्याकाळी साडेसहाला फोन कर, माझी सकाळ असते. लेक तेव्हा नाश्त्याला असते, बोल तिच्याशीही. मराठी छान बोलते, फक्त मेतकुटाला अजून 'पिवळी भुकटी' म्हणते.