बडोद्याच्या कमाटी बागेत पहिल्यांदा जाताना

पोरांना घेऊन निघालीस ना? मग सकाळी लवकर जा. दुपारी वाघसुद्धा सावलीला पाय ताणून पडलेला असतो आणि पोरं कंटाळतात. बागेचं नाव सयाजी बाग, पण रिक्षावाल्याला ‘कमाटी बाग’च सांग. सयाजीरावांनी १८७९ साली ही बाग लोकांसाठी केली, प्राणीसंग्रहालय तिच्यातच आहे.

पिंजऱ्यांपाशी घाई करू नकोस. एकाच प्राण्यापाशी दहा मिनिटं थांब. माकडीण पिल्लाचे केस बोटांनी विंचरत उवा टिपते, ते बघताना माझी नात अगदी गप्प झाली होती. खायला मात्र काही टाकू नकोस गं, शेंगदाणेसुद्धा नाही. त्यांची पोटं बिघडतात.

विश्वामित्री नदीच्या पुलावर जरूर थांब. थंडीत सकाळी काठाच्या चिखलात मगर ऊन खात पडलेली दिसते, कधी जबडा उघडा टाकून. आधी ओंडकाच वाटतो. ती पिंजऱ्यातली नव्हे, नदीतली, म्हणून पोरांचा हात घट्ट धर आणि काठाकडे उतरू नकोस.

पाय दुखले नाहीत तर बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघून या.