लोक एकाच बँकेत वर्षानुवर्षं राहतात ते बँकेवरच्या विश्वासापोटी का?

आमच्या इकडं तरी निष्ठा बिष्ठा काही नाही बाप्पा, बदलाचा ताप नको एवढंच. पीककर्ज एकदा घेतलं की सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, दुसरीकडं जायचं तर आधी सगळं भरा, नो ड्यूज म्हणजे बाकी नसल्याचा दाखला आणा, बोजा कमी करायले तलाठ्याकडं चकरा मारा, मग नवीन बँकवाला म्हणते तुमचं गाव आमच्या शाखेले दत्तक नाही, म्हणजे आमच्या वाट्याले येत नाही. अन हे सगळं पेरणीच्या तोंडावर, सोयाबीनचं बियाणं आणायचं असते तेव्हा कोण करते? वेळेवर भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडते, म्हणून जिथं आहे तिथंच जुनं-नवं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलून मोकळे.

पीएम किसानचे २००० पण आधार ज्या खात्याले लिंक त्यातच येतात, ते हलवायची भीती वेगळीच.

२०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली तेव्हा बघा, पासबुकावरचं नाव बदललं, आयएफएससी बदलला, पण खातेदार तिथंच! ग्राहकानं निवडलेली बँक राहिलीच नाही, मग निष्ठा कोणाशी?

हां, माणसाशी असते थोडी. चांगला मॅनेजर किंवा गावातला बँक मित्र (बँकेच्या वतीनं गावातच पैसे काढून देणारा) असला, म्हाताऱ्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नसला तरी चिडचिड न करता चार बोटं लावून पाहणारा, तर लोक त्याले सोडत नाही. त्याची बदली झाली की मग शिव्या सुरू, पण खातं तिथंच.