सलाईनचा पंजा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटोही निवांत पाहिले. आयर्न ऑक्साइडचे 8 नॅनोमीटरचे कण, सगळे जवळजवळ सारखे. हात चांगला बसलाय तुझा. पुढच्या महिन्यात रॅटवर प्रयोग सुरू करायचे म्हणतेस, गाइडही तयार आहेत. तरी मी तुला थोडं थांब म्हणणार आहे.

एमआरआयमध्ये कण सूज दाखवतो, असं आपण सहज बोलून जातो. खरं काम करते ती मॅक्रोफेज पेशी. ती कण गिळते, सुजलेल्या जागी तिची गर्दी होते, तिच्या पोटातल्या लोखंडामुळे तिथला सिग्नल पडतो आणि चित्रात ती जागा काळी दिसते. 1882 मध्ये मेचनिकॉफने मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तेव्हा त्याभोवती गोळा झालेल्या भटक्या पेशी याच जातकुळीतल्या. परकं काही दिसलं की धावून जायचं, हा त्यांचा स्वभाव. आणि तुझा कण त्यांना परकाच आहे.

हे मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. रॅटच्या एका गटाच्या मागच्या पंजात मुद्दाम सूज आणणारं कॅराजीनन, दुसऱ्या गटाच्या पंजात नुसतं सलाईन, आणि शेपटीच्या शिरेतून दोघांनाही कण. कॅराजीननचा पंजा स्कॅनमध्ये काळा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. सलाईनच्या पंजातही करडेपणा उतरला होता, त्याकडे मी 'नॉइज' म्हणून काणाडोळा केला. प्राणिगृहातले काका मात्र म्हणाले, "साहेब, ती सलाईनवाली जनावरं केस फुलवून कोपऱ्यात बसतायत, खात नाहीयेत." त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. सात महिन्यांनी दोष सापडला तो आमच्याच डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये. त्यात जिवाणू वाढले होते आणि त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं सूज आणणारं विष, प्रत्येक बॅचच्या कणांना चिकटून बसलं होतं. जी सूज मी मोजत होतो, त्यातली काही मीच इंजेक्शनने घातली होती. ती जनावरं फुकट गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी एंडोटॉक्सिन. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन टिकतं. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते पार होतं. काचेची भांडी कोरड्या उष्णतेत 250 अंश सेल्सियसला निदान अर्धा तास ठेव, पाणी इंजेक्शनच्या दर्जाचंच घे. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या, हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासून बनवलेल्या एलएएल चाचणीवरही डोळे मिटून विसंबू नकोस. रंगावर चालणाऱ्या चाचणीत 405 नॅनोमीटरला पिवळा रंग मोजतात, आणि तुझं तपकिरी द्रावण नेमकं तिथेच प्रकाश शोषतं. नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घाल आणि किती परत मोजलं जातं ते बघ. आकडा 50 ते 200 टक्क्यांच्या बाहेर गेला, तर ती चाचणी तुझ्या कणांसाठी निरुपयोगी समज.

कणांचा आकार सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढलेल्या द्रवात मोज, नुसत्या पाण्यात नको. प्रथिनं चिकटून कणांचे गठ्ठे झाले तर यकृत आणि प्लीहा ते लगेच उचलतात, पंज्यापर्यंत पोचतं काय? विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या डीएलएसमध्ये दहापट मोठा गठ्ठा साधारण दहा लाख पट प्रकाश विखुरतो, तेव्हा आलेखातला छोटासा फुगवटाही प्रश्न विचारून बघ.

वेळेचंही भान ठेव. पहिल्या तासातला काळेपणा बहुतेक रक्तातल्या आणि गळक्या वाहिन्यांतल्या कणांचा असतो, पेशींनी गिळलेल्यांचा नव्हे. इंजेक्शनआधीचा स्कॅन आणि रक्त कणांपासून मोकळं झाल्यावरचा स्कॅन, दोन्ही हवेत. मग तोच भाग कापून लोखंड निळं दाखवणारा पर्ल्स स्टेन कर. निळे ठिपके दिसले की पुढे मॅक्रोफेज ओळखणारं मार्करही लाव, कारण रक्तस्रावातलं शरीराचं स्वतःचं लोखंडही तसंच निळं होतं.

तुझ्या सिनॉप्सिसमध्ये एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही: या चित्रामुळे डॉक्टरला नवं काय कळणार? एडिंबराच्या संशोधकांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमध्ये पोटातल्या महाधमनीचा फुगा असलेल्या 342 रुग्णांवर असेच लोखंडाचे कण वापरून अभ्यास झाला, 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या फुग्याच्या भिंतीत कण साचले, त्यांच्यात फुगा वाढण्याचं, फुटण्याचं किंवा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण फुग्याचा व्यास वगैरे माहीत असेल तर कणांमुळे अंदाजात फारशी भर पडत नाही, हेही त्यांनी सरळ लिहिलं. मला तो प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. तुझ्या कणाची तुलना कशाशी करणार, ते प्रयोगाआधी लिहून काढ. साध्या कॅलिपरने मोजलेली पंज्याची जाडी, हा तुझा पहिला प्रतिस्पर्धी.

गाइडना महिनाभर उशीर सांगणं जड जाईल, हे मला कळतं. हवं तर मी त्यांच्याशी बोलतो. शनिवारी येशील तेव्हा एलएएलचे आकडे आण, आणि फक्त सलाईनच्या गटासाठी किती जनावरं धरली आहेस तेही लिहून आण. तिथूनच सुरुवात करू.

कळावे,
तुझे सर