वेण्णा लेक नक्की कुणाचा?

प्रश्न: डिसेंबरमध्ये फॅमिलीसोबत महाबळेश्वरला गेलो होतो. वेण्णा लेकवर बोटवाला म्हणाला तलाव शिवकालीन आहे, सासरे म्हणाले छे हो, इंग्रजांनी बांधलाय, आणि पाचगणी येईपर्यंत गाडीत तोच वाद. शिवाय हेच पाणी गावाला प्यायला जातं म्हणे, मग बोटिंग कसं चालतं? आणि तिथे बर्फ पडतो हे खरं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: बोटवाल्याचं घराणं बरोबर पण काळ चुकला, आणि सासऱ्यांचा काळ बरोबर पण माणूस चुकला, त्यामुळे मॅच ड्रॉ समजा. तलाव बांधला 1842 मध्ये, साताऱ्याच्या छत्रपतींच्या गादीवरच्या शहाजीराजांनी, म्हणजे अप्पासाहेब महाराजांनी. त्यांचे थोरले भाऊ प्रतापसिंह महाराज, त्यांना इंग्रजांनी 1839 ला गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि यांना बसवलं. 1848 मध्ये अप्पासाहेब गेले आणि डलहौसीने वारस नामंजूर करून राज्यच खालसा केलं. म्हणजे राज्य गेलं आणि तलाव राहिला.

आता बांधला कशाला, तर बोटिंगसाठी नक्कीच नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग तलाव कशाला हवा असं वाटेल, पण तिथला जांभा दगड सच्छिद्र, उतार प्रचंड, पाणी पडतं आणि सरळ खाली निघून जातं, आणि मार्च-एप्रिलमध्ये झरे आटायला लागतात. आणि नेमकं तेव्हाच साहेब लोक उकाड्याला कंटाळून मुंबई-पुण्याहून वर यायचे. गर्दी आणि टंचाई एकाच महिन्यात, आजच्या मे महिन्यासारखंच. म्हणून वेण्णा नदीचं पाणी उगमाजवळच अडवलं. पाणी लागायचं प्यायला आणि मळ्यांनाही, कारण साहेबाला बटाटा आणि विलायती भाज्या हव्या असायच्या. गंमत म्हणजे तो भाजीपाला पिकवणाऱ्यांत चिनी कैदी होते! त्यांचा तुरुंग 1864 मध्ये बंद झाला, पण चायनामन्स फॉल हे नाव अजून आहे. बोटी, घोडे, मक्याची कणसं, भेळ हे सगळं मागाहून चिकटलं, आता तेच मुख्य वाटतं, एवढंच.

पिण्याचं म्हणाल तर हो, खरंय. महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांना इथूनच पाणी जातं, अर्थात शुद्ध करून. पण मला स्वतःला बोटीपेक्षा काठावरच्या घोड्यांची काळजी जास्त वाटते, कारण लीद पावसात वाहून कुठे जाणार ते सांगायला नको. 2001 पासून हा सगळा परिसर इको सेन्सिटिव्ह झोन आहे, पण बोर्ड वाचायला कोण थांबतंय, सगळे पार्किंग शोधत असतात. आणि तलावातून सुटलेलं पाणी पुढे लिंगमळ्याच्या धबधब्यावरून कण्हेर धरणात जातं आणि शेवटी साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिळतं, म्हणजे वर काय टाकलं याचा हिशोब खालीही लागतो.

बर्फाचं सांगायचं तर बर्फ पडत नाही, आणि तलावही गोठत नाही. गोठतं ते दव. थंडीत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की थंड जड हवा उतारावरून घसरत तलावाच्या खोलगटात साठते, त्यामुळे गावात असेल त्यापेक्षा इथे पारा बराच खाली जातो. मग बोटीच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, त्याला तिथे हिमकण म्हणतात. पण दरवर्षी दिसेलच असं नाही, आणि दिसलेच तर पहाटे, उन्हं आली की अर्ध्या तासात खेळ खल्लास. तुम्ही हॉटेलचा नाश्ता उरकून दहाला पोचला असाल तर बोटवाल्याला दोष देऊ नका.