पीडी मॅडमना विचारा : ‘हेड कोच’ची खुर्ची कुठं असते?

(बेळगावच्या एका कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल संघ घडवून निवृत्त झालेल्या शारीरिक शिक्षण संचालिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बास्केटबॉलमध्ये युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली आहे. मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या मॅचेस बघते. तिथल्या बायका कशा सूट घालून बाजूला उभ्या राहून संघ चालवतात! मला मुलींच्या संघाची हेड कोच व्हायचंय. घरात विचारतात, असली नोकरी असते का? आणि शिकायला कोल्हापूरला जाऊ की धारवाडला?
– एक खेळाडू, निपाणी

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘हेड कोच, महिला बास्केटबॉल’ अशी पाटी लावलेली खोली आपल्याकडच्या कुठल्या कॉलेजात मी तरी बघितलेली नाही. आपल्याकडं असतो तो फिजिकल डायरेक्टर, म्हणजे पीडी. त्यानंच कबड्डीचा संघ न्यायचा, मैदानावर फक्की मारून घ्यायची, योग दिनाला चटया मोजायच्या, पंधरा ऑगस्टची परेड बसवायची, आणि हे सगळं उरकून संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मुलींबरोबर कोर्टावर उभं राहायचं. मी हेच केलं. नेमणुकीच्या ऑर्डरवर ‘कोच’ हा शब्द कुठंही नव्हता, पण माझी खरी नोकरी त्या संध्याकाळच्या दीड-दोन तासांतच होती.

तर रस्ता असा. शारीरिक शिक्षणाची पदवी बी.पी.एड. दोन वर्षं, पदव्युत्तर एम.पी.एड. दोन वर्षं. एम.पी.एड.ला ५५ टक्के पाहिजेत, राखीव गटांना त्यात सवलत आहे. वर पात्रता परीक्षा, देशपातळीवरची नेट किंवा राज्याची सेट. शिवाय आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळल्याचा दाखला लागतो. तो तुझ्याकडं आहे, नीट जपून ठेव, घर बदलताना पहिली हरवतात ती सर्टिफिकेटं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत शारीरिक चाचणीही आहे : तिशीपर्यंतच्या बाईनं आठ मिनिटांत १००० मीटर, चाळिशीपर्यंतच्या बाईनं ८०० मीटर. आत्ता तुला हसू येईल. पण नेटच्या अभ्यासाला बसून वर्षभर बूट न घातलेल्या चांगल्या चांगल्या खेळाडू याच १००० मीटरला धापा टाकतात.

कोल्हापूर की धारवाड, हे सोयीनं ठरव. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. खरी मेख पुढं आहे, आणि आपल्या सीमाभागातल्या मुलींना ती कुणी वेळेवर सांगत नाही. राज्याची सेट त्या राज्यापुरतीच चालते. महाराष्ट्राची सेट घेऊन बेळगावात अर्ज केलास तर उपयोग नाही, आणि केसेट, म्हणजे कर्नाटकची सेट घेऊन गडहिंग्लजला गेलीस तरी तेच. तू सीमेवर राहतेस, दोन्हीकडच्या जाहिराती वाचणार आहेस. म्हणून नेटच दे.

नुसतं कोच व्हायचं असेल तर पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१पासूनची. तिथला एक वर्षाचा डिप्लोमा असला की क्रीडा खात्याच्या आणि साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) कोचच्या जागांसाठी अर्ज करता येतो. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, पण त्यावर नोकरीची फार आशा धरू नकोस. आणि एक कडू गोष्ट आधीच सांगते. कायम जागा क्वचित निघतात. पद रिकामं ठेवून गेस्ट म्हणून तुटपुंज्या पगारावर नेमायची रीत आता अंगवळणी पडली आहे. पहिली काही वर्षं तशीच जातील असं धरून चाल.

आता अमेरिकेचं. साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या कोच डॉन स्टॅली यांचा पगार २०२५च्या करारानं वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर झाला. तू मोबाईलवर बघतेस ते हे. पण टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट १९७४ साली वयाच्या २२व्या वर्षी कोच झाल्या, तेव्हा त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळायचे. मुलींचे कपडे त्या स्वतः धुवायच्या आणि संघाची व्हॅनही स्वतःच चालवायच्या. वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या संघाच्या जर्सीसुद्धा बऱ्याच वर्षी आमच्याच घरच्या दोरीवर वाळायच्या. पुढं त्याच समिटबाईंनी २०१२पर्यंत १०९८ सामने आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. मला मात्र त्यांचा वेगळाच आकडा मोठा वाटतो : त्यांच्याकडं खेळण्याची मुदत पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. १०० टक्के.

तिथं हे घडायला कायदा लागला. १९७२मध्ये ‘टायटल नाइन’ आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव चालणार नाही, एवढंच तो म्हणतो, पण त्यामुळं कॉलेजांना मुलींचे संघ उभे करणं भाग पडलं. आपल्याकडं क्रीडा शुल्क मुलीही भरतात. तू पीडी झालीस की जिमखान्याच्या खर्चाचा कागद पहिल्याच महिन्यात मागून घे आणि मुलींवर त्यातलं किती खर्च झालं ते बघ. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तोवर रिकामी बसू नकोस. जवळच्या हायस्कुलात जाऊन आठवी-नववीच्या मुलींना शिकव. राज्य संघटनेची रेफ्रीची परीक्षा दे. बाई रेफ्री कमी आहेत, त्यामुळं बोलावणी येतात आणि चार जिल्ह्यांतले पीडी तुला नावानं ओळखायला लागतात. जागा निघाल्याची बातमी जाहिरातीच्या आधी त्यांनाच कळते.

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बेळगावात आहे. बास्केटबॉलच्या संघात निवड झाली म्हणते. सराव सहापर्यंत चालतो, घरी यायला आठ वाजतात. आमचा रस्ता जंगलातला. एवढं करून पुढं काय मिळणार?
– एक पालक, जांबोटी भाग, ता. खानापूर

तुमची काळजी मला नवी नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग कोर्टावर नव्हता, तो अशाच घरांच्या सोप्यात होता. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, विषय काढायला कुणी तयार नसायचं. मग आतून आई विचारायची, “चड्डी घालून खेळावं लागतंय काय हो?” मी म्हणायची, सरावाला ट्रॅक पँट चालते. निम्मा प्रश्न तिथंच सुटायचा. उरलेला निम्मा म्हणजे बस.

२०२३मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणारी शक्ती योजना आल्यापासून भाड्याचा प्रश्न मिटला, मुली फुकट येतात-जातात. पण योजनेनं शेवटची गाडी उशिरा सुटत नाही. तेव्हा तुम्ही स्वतः एकदा कॉलेजात या आणि संघाच्या मॅडमना किंवा सरांना भेटा. अंधाराच्या आधी घरी पोचेल अशी गाडी धरायची म्हणजे हिला कोर्टावरून किती वाजता निघायला हवं, ते त्यांच्यासमोर ठरवा. शहाणा कोच खेड्यातल्या मुलींचे डाव आधी घेतो, बास्केटमध्ये चेंडू टाकायचा सराव शहरातल्या मुलींना शेवटी देतो. कोच ऐकत नसेल तर मुलीला पाठवू नका. हे मी, आयुष्यभर मुलींना कोर्टावर ओढून आणलेली बाई सांगतेय.

पुढं काय, याचं गुळमुळीत उत्तर देत नाही. नोकरी लागेलच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रेल्वेत खेळाडूंची भरती होते आणि देशात मुलींच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचाच दबदबा आहे, पण तिथवर फार थोड्या पोचतात. बाकीच्यांना क्रीडा कोट्यातून पुढच्या प्रवेशाला मदत होते. एक मात्र आजच करा : मुलीचं हिमोग्लोबिन तपासा. बारा ग्रॅमच्या खाली असलं तर तो ॲनिमिया, आणि देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे. दम लागून खाली बसणाऱ्या मुलीला कोच आळशी म्हणतात. गोळ्या सुरू झाल्या, डब्यात उसळ-अंडं आलं की तीच मुलगी चौथ्या क्वार्टरलाही पळते.

प्रश्न : चिकोडी तालुक्यात एका कॉलेजात नुकतीच गेस्ट पीडी म्हणून लागले. मुली कबड्डी-खोखोतल्या, ताकदीच्या. पण बास्केटबॉलच्या पहिल्याच सामन्यात धुव्वा उडाला. सगळ्या चेंडूमागं धावतात, बास्केट पडतच नाही. कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका

चेंडू हातात घेऊन त्याच्यावरचा आकडा बघा. ७ असला तर तो मुलांचा आहे. मुलींचा ६ नंबरचा असतो, परिघानं लहान आणि वजनानं हलका. बऱ्याच कॉलेजांत मुलांसाठी आणलेले चेंडूच मुलींच्या माथी मारतात. मुलगी तो छातीवरून दोन्ही हातांनी ढकलते, सवय जडते, आणि स्पर्धेत हलका चेंडू आला की तो रिंगवरून पलीकडं जातो. आधी सहाचे चार चेंडू मागा. खरेदीच्या अर्जावर आकडा मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दुकानदार हातात येईल तो देतो.

मग मुलींना रिंगच्या खाली आणा, अगदी खाली, दोन पावलांवर. चेंडू तळहातावर टेकवू नये, बोटांच्या पेरांवर ठेवावा. तळहात आणि चेंडू यांमध्ये फट दिसली पाहिजे. कोपर बाहेर न पसरता रिंगच्या दिशेनं. सुटताना मनगट पुढं मोडायचं आणि हात क्षणभर तसाच वर ठेवायचा, रांजणात हात घातल्यासारखा. चेंडू उलटा फिरत गेला तर बरोबर सुटला. इथून सलग पडायला लागल्याशिवाय एक पाऊलही मागं सरकू देऊ नका. मुली कंटाळतात, लांबून मारायचा मोह होतो. मारू देऊ नका.

चेंडूमागं धावण्याची खोड ड्रिबलला बंदी घालून जाते. पाच विरुद्ध पाच, फक्त पास, चेंडू जमिनीवर आपटला की तो दुसऱ्या संघाला. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होतो. नंतर मोकळ्या जागेत गेल्याशिवाय चेंडू मिळत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं. कबड्डीच्या मुली असल्यामुळं बचाव तुम्हाला फुकटात मिळाला आहे. वाकून, बाजूला सरकत, नजर न हलवता उभं राहणं त्यांना कुणी शिकवायला नको. म्हणून झोनच्या, म्हणजे जागा वाटून बचाव करायच्या भानगडीत न पडता माणसावर माणूस लावा.

उडी मारून खाली येताना गुडघे वाकलेले हवेत आणि आत वळता कामा नयेत. मुलींच्या गुडघ्याचं लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं, आणि सिमेंटचं कोर्ट कुणाला माफ करत नाही. पावसाळ्यात कोर्टावर शेवाळ धरलं की खेळवूच नका. व्हरांड्यात घेऊन उडी मारून उतरण्याचा सराव करून घ्या, नियम शिकवा, स्कोअरशीट भरायला शिकवा.

पहिल्या वर्षी जिंकण्याचं मनावर घेऊ नका. प्राचार्य विचारतील, तेव्हा पहिल्या वर्षाच्या किती मुली दुसऱ्या वर्षाला संघात टिकल्या तो आकडा सांगा. मी कोच म्हणून स्वतःला तेवढ्यावरच मोजलं. लग्न, बस, सप्लिमेंटरी परीक्षा, घरचं दुखणं, एवढ्यातून वाचून तिसऱ्या वर्षी पाच मुली उभ्या राहिल्या तर संघ आपोआप जिंकतो.

प्रश्न : मुलींच्या संघाला पुरुष कोच असावा का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

असू दे की. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचे जीनो ऑरिएमा १९८५पासून मुलींचाच संघ शिकवताहेत, २०२५पर्यंत बारा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. पण त्यांच्या शेजारी पहिल्या वर्षापासून ख्रिस डेली नावाची बाई सहायक म्हणून आहे, हे कुणी बघत नाही. आपल्याकडं सरांबरोबर बाहेरगावी संघ जातो तेव्हा ‘लेडी मॅनेजर’ म्हणून ऐनवेळी लायब्ररीतल्या नाहीतर ऑफिसातल्या मॅडमना पाठवतात. बिचाऱ्या पुस्तक घेऊन बसतात. त्यापेक्षा जुन्या खेळाडूला मानधन देऊन न्यावं.

प्रश्न : आमच्या संघात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुली आहेत. कोर्टावर कुठल्या भाषेत बोलायचं, यावरून कुरबूर होते.
– एक कप्तान, खानापूर

भांडता कशाला, फायदा घ्या. २०१०मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ व्हायच्या आधी आम्ही धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात होतो. तिथं खेळताना आमच्या मुली आधी ठरवलेल्या डावाचा आकडा मराठीत ओरडायच्या. कोल्हापूरच्या बाजूच्या स्पर्धेला गेलो की तेच डाव ओंदु, एरडु, मूरु व्हायचे. त्यासाठी मराठी मुलींना कन्नड आकडे आणि कन्नड मुलींना मराठी आकडे पाठ करायला लावले होते. कप्तान म्हणून तू तेवढं करून घे. फक्त समोरच्या संघात गडहिंग्लजची, दोन्ही भाषा कळणारी कुणी आहे का, ते आधी बघून घे, नाहीतर तुमचा डाव त्यांना तुमच्याआधी कळेल.