हिणवल्याने बीपी वाढतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवण्यासाठी वसवलेल्या वस्तीत, राहणाऱ्या थोरल्या भावाला पस्तिशीतच बीपी निघालं. कुठेही चोरी झाली की चौकशीला आधी त्यालाच उचलतात, आणि घरचे म्हणतात, ‘मनावर घेऊ नको.’ याचा बीपीशी संबंध आहे का, हा तुमचा प्रश्न. संबंध आहे. अनुवंश, मीठ ही कारणंही असतील, पण हेही एक कारण असू शकतं.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या बाबतीत यावर पुष्कळ अभ्यास झालाय. तिथले संशोधक डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ साली मांडलेल्या प्रश्नावलीत रोजचे बारीक अपमान विचारतात: लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का? अप्रामाणिक समजतात का? हे वाचताना मला आपलं सेटलमेंटच दिसलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, पत्त्यावरचा संशय अजून गेलेला नाही.

अपमान झाला की शरीराला धोका जाणवतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, नाडी आणि बीपी चढतं. प्रसंग संपला की ते उतरायला हवं. पण पुन्हा कधी दार वाजेल ही धास्ती असेल तर झोपेतसुद्धा ते पुरेसं उतरत नाही. मग झोप मोडते, तंबाखू वाढते.

त्याहून वाईट म्हणजे माणूस दवाखाना टाळतो. मी नर्स होते. एकदा केसपेपरच्या खिडकीवर एकाने ‘सेटलमेंट’ असा पत्ता सांगितला आणि आतल्या बाईंनी टेबलावरचा मोबाईल उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. तो काही न बोलता निघाला. मी मागे धावले, तोवर गेटबाहेरच्या टपरीवर त्याने मावा तोंडात टाकला होता. बीपीची गोळी राहिली ती राहिलीच. अमेरिकेतल्या टस्कगी गावात एका सरकारी अभ्यासासाठी १९३२ ते १९७२ काळ्या रुग्णांना सिफिलिसवरचे उपचार मिळू दिले नाहीत, पेनिसिलिन आल्यावरही. तिथल्या लोकांचा डॉक्टरांवरचा अविश्वास असाच कमावलेला आहे.

तेव्हा भावाला एकट्याला दवाखान्यात पाठवू नका, सोबत जा. पाच मिनिटं शांत बसवून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, वहीत लिहा, वही डॉक्टरांना दाखवा. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू देऊ नका. चौकशीला नेलं की तारीख, वेळ, कुणी नेलं तेही लिहून ठेवा आणि कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न कमी असेल तर वकील मोफत मिळतो. आणि ‘मनावर घेऊ नको’ म्हणण्याऐवजी त्या दिवशी काय झालं ते त्याला सांगू द्या.